मेलेल्या दाढेची साक्ष

माझी दाढ उपटायला दंतमित्रची गाडी दारात आली, त्या दिवशी मी गाडी परत पाठवली आणि गाडीबरोबर आलेल्या माझ्या पोराला घरात बसवून चहा पाजला. पोरगा गाल फुगवून चहा प्यायला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं?

मी रत्नप्रभा होडगे, वय एकसष्ट. आजऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात आमची बायकांची बियाणे संस्था. घनसाळ भाताचं बी आम्ही राखतो. त्या संस्थेत दाणा चावायचं काम गेली चोवीस वर्षं माझ्याकडं आहे. हसू नका. वाळवलेलं भात संस्थेत आलं की ढिगाच्या सात ठिकाणांहून सात दाणे उचलायचे, एकेक दाणा दाढेखाली धरून सावकाश फोडायचा. सातवा फुटेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. मग मी एकच सांगते, "ठेवा", नाहीतर "उन्हात घाला". ओलं बी साठवलं तर बुरशी धरते आणि पुढच्या जूनला अख्ख्या गावाची रोपं उगवत नाहीत. एवढं ते काम आहे.

ओलावा मोजायचा मीटर संस्थेतही आहे, नाही असं नाही. पण घाईनं वाळवलेल्या भाताचं टरफल कोरडं ठक्क होतं आणि पोटात ओल तशीच राहते. मीटर वरवरचं वाचतो आणि मान डोलावतो. दाढेखाली तोच दाणा आधी कट्ट करतो आणि मग आत जरासा दबतो. तो 'जरासा' ओळखायचा, हीच माझी सगळी विद्या.

आणि ही विद्या राहत होती डावीकडच्या खालच्या एका दाढेत. उजवीकडच्या खालच्या दाढा मी चाळिशीतच घालवून बसले होते. पुढच्या दातांनी दाणा तुटतो, पण आतलं काही सांगत नाही. म्हणजे होती ती एकच.

आषाढात ती दुखायला लागली. गरम चहा लागला की डोळ्यांसमोर काजवे, आडवं पडलं की ठणका कानापर्यंत. मी काय केलं? आमच्या गावच्या बायका जे करतात तेच. आधी लवंग धरली, मग मिश्री दाबली. दिवसातून चार वेळा, चांगली चिमूटभर. नवव्या दिवशी दुखणं गायब! मी संस्थेच्या ओसरीवर बसून सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं, "बघा, डॉक्टर नको, यंत्र नको. माझ्या मिश्रीनं दाढ बरी केली." तिघीचौघींनी मिश्रीचे डबे भरून घेतले.

गणपतीत गाल टम्म सुजला.

आता दंतमित्रचं सांगते. आमच्या लहानपणी दाढ किडली की डॉक्टर ती आतून साफ करून भरायचे, रूट कॅनल म्हणायचे त्याला. दोन हजार एकेचाळीस साल उजाडेपर्यंत ते कुणी करेनासं झालं होतं. कंपनीनं गाड्या काढल्या. गाडीतलं यंत्र तोंडाचा फोटो काढतं, बिघडलेला दात उपटतं आणि हाडात स्क्रू फिरवून वर 'चतुर दाढ' बसवतं. चाळीस मिनिटांत, तेही फुकट. विम्याचं कवच हवं असेल तर हीच दाढ, असा नियम झाला. रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागतात, हाताला सराव लागतो, कोण करतंय! कॉलेजात त्यावर एक तास शिकवतात म्हणे, जुन्या राजेरजवाड्यांचा इतिहास शिकवतात तसा.

चतुर दाढ फुकट का, तर तिच्यात चिप असते. तुम्ही काय खाता, किती जोरानं चावता, लाळेत साखर किती, सगळं ती कंपनीला कळवते. आमच्या मालननं गेल्या वर्षी बसवून घेतली. तिनं चोरून दोन बेसनाचे लाडू खाल्ले, तर पाच मिनिटांत मोबाइल बोलला, "आदरणीय मालनताई, आज गोड पुरे." ओसरीवर हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मालन मात्र हसली नाही. माझ्यानंतर दाणा चावणारी तीच होती. हळूच म्हणाली, "रत्नाक्का, आता दाणा फोडला की दुसऱ्याच्याच तोंडात फुटल्यागत वाटतंय." त्यानंतर तिनं दाण्याला तोंड लावलं नाही.

तर सुजलेल्या गालानं मी गाडीत बसले. यंत्रानं फोटो काढला आणि गोड आवाजात सांगितलं, "आदरणीय रत्नप्रभाताई, आपली दाढ मृत आहे. ती काढून नवी दाढ बसवू या का?"

"मृत म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मेली, आई," हर्षवर्धन म्हणाला. माझा एकुलता एक. दंतमित्रमध्ये तालुक्याचा प्रमुख. "आतली नस मेली. म्हणूनच दुखायचं थांबलं. मिश्रीनं बरी नाही झाली, आतल्या आत सडली."

माझं तोंड उतरलं. चारचौघींत केलेली फुशारकी आठवली. पण लगेच मालनही आठवली.

"नवी दाढ बसवल्यावर मला दाणा कळंल?"

"कळंल की! ग्रॅममध्ये कळंल. किती जोरानं दाणा फुटला त्याचा आकडा मोबाइलवर येईल."

"आकडा मोबाइलला कळंल रे. मला काय कळंल?"

यंत्रानं पुन्हा विचारलं, बसवू या का. मी खुर्चीतून उतरले आणि म्हटलं, "नको. दाढ माझी आहे, मेली असली तरी माझीच. तिचं काय करायचं ते मी बघीन."

हर्षा बाहेर येऊन ताडताड बोलला. "आई, माझ्या नोकरीचा तरी विचार कर. ज्याच्या घरातच नको म्हणतात तो गावाला काय सांगणार? आपल्या घराचं विम्याचं कवच हिरव्याचं पिवळं होईल, म्हणजे अर्धंच मिळेल. वरून फोन येईल मला."

"येऊ दे. मला दे तो फोन."

"ही जिद्द नाही, अडाणीपणा आहे!"

"मिश्री दाबली तो अडाणीपणा होता, तो कबूल. हा नाही." मग मी त्याला आत नेऊन चहा पाजला, ते सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सुनेनं, प्रणितानं, नवऱ्याला न विचारता स्कूटर काढली. "आई, गडहिंग्लजला मगदूम डॉक्टर आहेत. माझ्या आजोळच्या सगळ्यांच्या दाढा त्यांनीच केल्यात. जिवंत आहेत अजून. डॉक्टर म्हणते मी."

मगदूम डॉक्टर जिवंत होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दवाखाना मात्र कधीच मिटलेला. खुर्चीच्या पायाशी कांदे पसरून ठेवले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी आता हे करत नाही. शेवटची रूट कॅनल करून सात वर्षं झाली. दंतमित्रकडं जा."

"तिथनंच आले. माझ्या पोराचीच गाडी आहे."

"मग?"

मी त्यांना सात दाण्यांचं सांगितलं. ते ऐकता ऐकता कांदे एका बाजूला सारायला लागले. मग म्हणाले, "आ करा."

जुन्या मशीनवर एक्स-रे काढून त्यांनी मला दाखवला. आणि त्या माणसानं मला माझीच दाढ अशी समजावून सांगितली की एकसष्ट वर्षं तोंडात बाळगून मला तिचा पत्ता नव्हता.

"हे वरचं पांढरं कवच, अंगातली सगळ्यात कठीण वस्तू. त्याच्या आत जरा मऊ थर, आणि अगदी आत पोकळी. त्या पोकळीत नस आणि रक्तवाहिन्या. तिथून बारीक नळ्या मुळांच्या टोकापर्यंत जातात. तुम्ही चोवीस वर्षं टणक भात फोडलंत, कवचाला केसासारखी चीर गेली. चिरेतून जंतू आत गेले. नस सुजली. पण कोंडलेल्या जागेत सूज पसरणार कुठं? म्हणून तो ठणका. मग नस मेली आणि दुखणं थांबलं. जंतू थोडेच मेले? ते मुळाच्या टोकातून खाली उतरले आणि हाडात पू केला. हा काळा डाग दिसतोय ना, तो."

"मग आता?"

"वरून भोक पाडायचं, मेलेली नस काढायची, नळ्या कानसायच्या, धुवायच्या, जंतू मारायचे आणि परत कुणी शिरू नये म्हणून टोकापर्यंत घट्ट भरायच्या. वर कॅप. एवढंच ते रूट कॅनल. लोक उगाच नावाला घाबरतात."

मी मनात घोळत होतं ते विचारलं. "डॉक्टर, नसच काढली तर दाढ मेलेलीच राहणार. मेलेल्या दाढेला दाणा कसा कळंल?"

म्हातारा हसला. "रत्नाक्का, दाणा त्या नसेला कधी कळतच नव्हता. तिला कळायचं गरम, गार आणि दुखणं. भातात खडा लागला की तुमचा जीव चरकतो, ते कशानं? दाढ हाडात खिळ्यासारखी ठोकलेली नसते. मूळ आणि हाड यांच्या मधे बारीक तंतूंची पातळ गादी असते. त्या गादीवर दाढ तोललेली असते आणि त्या गादीत स्वतःच्या नसा असतात. केसाहून बारीक दाब त्यांना कळतो. दाणा दबला, हे सांगतात त्या."

"आणि चतुर दाढेला?"

"ती सरळ हाडात स्क्रू. गादीच नाही. दाढ उपटली की गादी गेली, ती परत येत नाही."

मालन काय म्हणत होती ते मला त्या क्षणी समजलं. गावात कितीजणांच्या तोंडातून ती गादी उपटून नेली होती आणि कुणाला काही सांगितलंही नव्हतं. माझ्याच पोरानं नेली होती.

"करा," मी म्हटलं.

"थांबा. खोटं बोलणार नाही. पुवानं टोकाजवळची गादी खाल्लेली आहे. बाकीची किती शाबूत आहे, तुमच्या कामापुरती आहे का, ते मला सांगता येत नाही. दाढ वाचेल. दाणा कळेल याची खात्री मी देत नाही. आणि माझे हात म्हातारे झालेत."

"माझी दाढही म्हातारी आहे. जमंल तुमचं."

प्रणितानं हत्यारं उकळायला ठेवली. डॉक्टरांनी सुई देऊन हिरडी बधिर केली, तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणला आणि त्यातून एकटी दाढ वर काढली. भोक पडल्याबरोबर घाण वास आला आणि गालातला ताण सर्रकन उतरला. कितीतरी दिवसांनी माझं डोकं हलकं झालं. मग त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून सुईएवढ्या कानशी आत सोडल्या. हात म्हातारे म्हणत होते, पण कानस धरली की थरथर थांबायची. "तुमच्या मोबाइलवरच्या त्या यंत्राच्या फोटोत तीन नळ्या आहेत," ते पुटपुटले, आणि पाऊण तास शोधत राहिले. "ही बघा चौथी! तीन भरून ही सोडली असती तर वर्षात परत सुजला असता गाल." असे खूश झाले की जणू विहिरीला पाणी लागलं. नळ्यांत चुन्याचं औषध भरून त्यांनी मला पंधरा दिवसांनी बोलावलं. दुसऱ्या खेपेला झाडाच्या चिकापासून केलेल्या काड्यांनी चारही नळ्या भरल्या. तिसऱ्या खेपेला कॅप बसवली आणि बजावलं, "महिनाभर दाणा लावायचा नाही. कॅप कवचाहून वेगळी असते, दाब सावकाश द्या. घाई केलीत तर काही कळणार नाही."

घरी हर्षा माझ्याशी बोलत नव्हता. आमचं कवच पिवळं झालं होतं. दंतमित्रच्या बैठकीत त्याच्या साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "होडगे, तुमच्या मातोश्रींनी आपल्याला नापास केलं म्हणे?" लोक हसले. ते मला प्रणितानं सांगितलं तेव्हा वाईट वाटलं. आई आहे मी, दगड नाही. पण वाईट वाटलं म्हणून दाढ उपटून द्यायची, असं कुठं असतं?

दिवाळीनंतर कापणी झाली आणि मळणीच्या ऐन तोंडावर दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. सगळ्यांचं भात भिजलं. ऊन पडल्यावर बाकीच्यांनी अंगणात पसरलं. हर्षाची रजा दोनच दिवसांची, म्हणून त्यानं आमचं भात तालुक्याला नेऊन गरम हवेच्या मोठ्या ड्रायरमधून काढून आणलं. पाच तासांत बारा पोती. "बघ," दोन महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला, "मीटरवर साडेबारा टक्के आलंय, तेराच्या आत. साठवायला एकदम बरोबर."

संस्थेत त्या दिवशी पहिला ढीग आमचाच होता. सगळ्या बायका ओसरीवर जमलेल्या. महिना संपून दोनच दिवस झाले होते. घरी एकही दाणा मी चावून बघितला नव्हता. धीर झाला नव्हता, खरं सांगते. कळलं नाही तर? तर मग मी कोण? चावता न येणारी चावणारीण!

प्रणितानं सात ठिकाणांहून सात दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. ओसरी गप्प झाली.

पहिला दाणा. कट्ट. बस्स, कॅपचा आवाज झाला आणि दाण्याचा चुरा झाला. मला काही कळलं नाही.

दुसरा. तसाच. समोर मालन बसली होती. तिनं डोळे खाली घातले. तिला माझा चेहरा ओळखीचा असणार, तीही तिथनंच गेली होती. हर्षा माझ्याकडं टक लावून बघत होता. गेली, मी मनात म्हटलं, गादी गेली. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि स्वतःचाच राग आला. भ्यालेलं माणूस घाई करतं. मी घाई करत होते.

तिसरा दाणा मी ठेवला आणि फोडलाच नाही. नुसता धरला. डोळे मिटले. हळूहळू दाब दिला, कणाकणानं. टरफल कट्ट झालं. मी थांबले. परत दाब दिला. आणि खाली, दाढेच्या मुळाशी, कुठंतरी खोल, काहीतरी जरासं दबलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा. दबला. पाचवा, सहावा, सातवा. दबले, सगळे दबले.

"उन्हात घाला," मी म्हटलं.

ओसरीवर कुजबुज झाली. माझ्या स्वतःच्या घरचं भात होतं ते. हर्षा उठूनच उभा राहिला. "आई, मीटर साडेबारा सांगतोय! आणि पहिल्या दोन दाण्यांना तुला काहीसुद्धा कळलं नाही. तुझा चेहरा बघितलाय मी!"

"व्हय," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "पहिल्या दोनांना नाही कळलं. चूक माझी, दाढेची नाही. पुढच्या पाचांना कळलं. टरफल वाळलंय, पोट ओलं आहे. हे बी मी कोठीत जाऊ देणार नाही. माझ्या घरचं असलं तर मुळीच नाही."

"सिद्ध कर."

"मला काय गरज? तुला आहे. एक पोतं तोंड बांधून इथंच ठेव आणि उद्या सकाळी तुझा मीटर लाव. पोटातली ओल टरफलापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. बाकीची अकरा आत्ता पसरायची."

तो हलला नाही. प्रणिता उठली, पदर खोचला आणि पहिलं पोतं ओढायला लागली. मालननं दुसरं टोक धरलं.

सकाळी बांधलेल्या पोत्यात हर्षानं मीटर खुपसला. चौदा पूर्णांक आठ. त्यानं मीटर झटकला, पुसला, परत खुपसला. तेवढंच. टोमणा माझ्या ओठांवर आला होता, पण गिळला.

पोरगा माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. "आत्ताच साहेबाला फोनवर सांगितलं सगळं," तो म्हणाला. "ते म्हणतात, तुझ्या जबड्याला एक पट्टी लावायची. हंगामभर. तू चावताना काय होतं ते यंत्र शिकून घेईल. मग ते चतुर दाढेत घालता येईल. कवचही परत हिरवं करतो म्हणाले."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला..." तो अडला. "आई, प्रणितानं रात्री सांगितलं तोवर मला ठाऊक नव्हतं गं, त्या गादीचं. आम्हाला कुणी शिकवलंच नाही. साडेचारशे दाढा काढल्यात मी."

रागानं माझी मूठ वळली होती, ती सुटली. ते आठ-नऊ गावांतल्या साडेचारशे माणसांचं देणं होतं, आणि ते त्यालाच फेडावं लागणार होतं. मी फेडू शकत नव्हते.

"पट्टी लावणार नाही," मी म्हटलं. "साहेबाला सांग, आधी दाढ मागितलीस, आता दाढेतली अक्कल मागतोस, दोन्ही मिळणार नाहीत. ज्याला शिकायचं असेल त्यानं इथं येऊन ओसरीवर बसावं. शिकवायला मी कुणाला नाही म्हटलेलं नाही." मी पसरलेल्या भातातून सात दाणे उचलले आणि त्याच्या हातावर ठेवले. "ही प्रणिता कालपासून शिकायला बसतेय. तूही चाव."

त्यानं एक दाणा उजव्या दाढेखाली धरला आणि फोडला. लगेच त्याच्या खिशातला मोबाइल बोलला, "आदरणीय हर्षवर्धनजी, कठीण पदार्थ टाळा." नोकरीला लागताना कंपनीनं त्याला बसवलेली ती दाढ.

"ती बाजू त्यांची आहे," मी म्हटलं. "डावीकडं घे. तिथली अजून तुझी आहे. सावकाश."

त्यानं डोळे मिटले, जबडा हळूहळू आवळला. कट्ट झालं.

"काय कळलं?"

"काहीच नाही."

"पहिल्या वर्षी मलाही काही कळलं नव्हतं," मी म्हटलं. "अजून पाच आहेत हातात. चाव."